सिकलसेलच्या पेशंटचं हृदयाचं ऑपरेशन: भूलतज्ज्ञ दिवस का मागतो?

"मॅडम, तिले सिकल आहे म्हणून भूल द्यायले नाही म्हणता का?"

विदर्भात काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला पेशंटच्या आईचा हा प्रश्न नवा नाही. हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असते, गावाहून माणसं येऊन पोचलेली असतात, शेजारच्या आजीजवळ लहान मुलं ठेवून आई आलेली असते, आणि ऐन वेळी फाइलमधल्या एका जुन्या कागदावर 'एसएस पॅटर्न', म्हणजे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार, असं लिहिलेलं सापडतं. ऑपरेशन पुढे ढकललं जातं. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर टाळताहेत. भूलतज्ज्ञ टाळत नसतो, तो काही दिवस मागत असतो. ते दिवस कशासाठी हवे असतात, हे नीट समजावून सांगायला वॉर्डात कुणाला वेळ मिळत नाही, म्हणून ते इथे सांगते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक पेशंट डोळ्यांसमोर आणू. मुलगी मनातली आहे, पण तिची कहाणी आमच्या भागात खरी वाटेल अशीच आहे. गडचिरोली जिल्ह्यातली, वय २२, वजन ४५ किलो. लहानपणापासून सिकलसेल. लहान असताना तिला घसादुखीनंतर ताप यायचा, गुडघे-घोटे सुजायचे. सगळ्यांनी म्हटलं, सिकलचंच दुखणं. त्यातलं काही दुखणं सिकलचं नव्हतं. तो ऱ्हुमॅटिक ताप होता, सांध्यांवरून जाऊन हृदयाच्या झडपेला धरणारा. पुढे छातीत आवाज ऐकू आला तेव्हाही 'रक्त कमी असलं की असा आवाज येतोच' म्हणून तो बाजूला पडला. तेही खोटं नव्हतं, रक्त फार कमी असलं की असा आवाज येतो. एका आजाराने दुसऱ्याला असं झाकून ठेवलं. आता जिना चढताना दम लागतो, रात्री उशा रचून झोपावं लागतं, आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं की हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आखडली आहे.

निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर समजतात. खूपदा मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ही झडप उघडता येते, आणि सिकलसेलच्या पेशंटमध्ये तो पर्याय आधी तपासायलाच हवा, कारण त्यात हृदय थांबवावं लागत नाही. पण आपल्या मुलीची झडप गळतेही आहे आणि डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी आहे. म्हणजे ऑपरेशनच.

आता रक्ताकडे वळू. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. ते अमिनो आम्लांचे दाणे ओवलेल्या साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या एका प्रकारच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन असतं. एवढाच फरक. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं, १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, आणि पुढच्या दशकात व्हर्नन इनग्रॅम यांनी तो एक चुकलेला दाणा शोधून काढला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार नोंदला गेला. आज आपल्याकडे तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरपासून नंदुरबारपर्यंत आहे, आणि विदर्भात तरी केवळ आदिवासींचा म्हणता येणार नाही इतका इतर समाजांतही आहे.

हे बदललेलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, ऑक्सिजन धरून असेपर्यंत नीट वागतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ धागे होतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. ती बारीक केशिकांत अडकते, मागून येणाऱ्या पेशींची वाट अडवते. तिथल्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो, त्यामुळे आणखी पेशी विळ्याच्या होतात. पेशंट सांगतो ती हाडं फोडणारी वेदना यातूनच येते.

इथे एक प्रश्न पडायला हवा. एसएस पेशंटच्या पेशींत ऑक्सिजनचं प्रमाण साधारण ८५ टक्क्यांच्या खाली गेलं की धागे जमू शकतात. पण शरीरात फिरून परतणाऱ्या रक्तात, अगदी निरोगी माणसातही, ते ७० ते ७५ टक्केच असतं. मग अशा पेशंटचं सगळं रक्त प्रत्येक फेरीत अडकून का पडत नाही?

कारण धागे व्हायला वेळ लागतो. ऑक्सिजन सुटल्यावर लगेच काही होत नाही, काही काळ शांततेत जातो आणि मग एकदम धागे वाढतात. केशिकेतून पेशी पार व्हायला साधारण एक सेकंद पुरतो. बहुतेक पेशी त्या शांततेच्या काळातच निसटतात, फुफ्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेतात आणि मोकळ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीला एक शर्यत चालू असते, आणि पेशी ती सहसा थोडक्यात जिंकते.

मला विचाराल तर सिकलसेलमध्ये भूल देण्याचं सगळं शास्त्र या एका शर्यतीत आहे. रक्ताचा वेग मंदावला की पेशी हरते. ताप, आम्लता, ऑक्सिजनची कमतरता, यांनीही हरते. आणि पाणी कमी पडलं तर फारच लवकर हरते, कारण तो शांततेचा काळ पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनच्या घनतेवर विलक्षण अवलंबून असतो, साधारण तिसाव्या घाताने. पेशी सुकून घनता नुसती ५ टक्क्यांनी वाढली, तरी हातात असलेला वेळ जवळजवळ चौथाईवर येतो. 'पाणी भरपूर पी' असं सिकलच्या पेशंटला जो तो सांगत असतो, त्यामागचं गणित हे आहे.

आणि हृदयाच्या ऑपरेशनमध्ये काय करतात? ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेव्हापासून मूळ रीत तीच आहे. रक्त नळ्यांनी बाहेर काढायचं, यंत्रात त्याला ऑक्सिजन द्यायचा, पंपाने परत अंगात सोडायचं. पुढे त्यात भर पडली: महाधमनीला चिमटा लावायचा, हृदयाला थंड, पोटॅशियमवालं द्रव देऊन थांबवायचं. शरीर गार करायचं म्हणजे अवयवांची ऑक्सिजनची गरज कमी होते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त घट्ट होतं, काही भागांत प्रवाह मंद होतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत तर तो थांबतोच, आणि हृदय हा असा स्नायू आहे की एरवीसुद्धा मिळालेल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन शोषून घेतो. त्याच्या शिरेतून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन जेमतेम ३० टक्के उरतो. चिमटा निघाला की जी आम्लता साठली असेल ती सगळीकडे पसरते.

नेहमीच्या पेशंटमध्ये यातली प्रत्येक पायरी संरक्षणासाठी असते. सिकलसेलच्या पेशंटमध्ये तीच पायरी त्या शर्यतीत आडवी येते. म्हणून नेहमीची कृती जशीच्या तशी चालत नाही आणि म्हणून दिवस लागतात.

आपल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि मला ती या सगळ्यात सर्वांत अवघड वाटते. तिचे दोन आजार परस्परविरुद्ध मागण्या करतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन नेहमीच कमी, कारण निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते आणि ही १० ते २० दिवसांत फुटते. कमी रक्तावर अवयवांचं भागवायचं तर हृदयाला जास्त वेगाने, जास्त रक्त ढकलावं लागतं. आखडलेल्या मायट्रल झडपेला मात्र ठोके संथ हवेत, कारण अरुंद तोंडातून रक्त खाली उतरायला वेळ लागतो. ठोके वाढले की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. सिकलला पाणी हवं, सलाईन हवं. आखडलेल्या झडपेला जास्तीचं सलाईन दिलं तर फुफ्फुसात पाणी भरतं. आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब तर दोन्ही आजार वाढवतात, झडप मागून रक्त तुंबवून आणि सिकलसेल आतून. फुटलेल्या लाल पेशींतलं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. उजव्या बाजूचं हृदय मग भिंतीवर धडका दिल्यासारखं काम करत राहतं.

अशा वेळी 'सिकल आहे ना, सलाईन धडाक्यात सोडा' हेही चूक आणि 'झडप आहे ना, कोरडं ठेवा' हेही चूक. मोजून द्यावं लागतं, इको बघून, फुफ्फुस ऐकून, लघवी मोजून. या दोन्ही मागण्या एकदम थोड्याफार भागवणारी गोष्ट एकच आहे: चांगलं रक्त. दुसऱ्याच्या निरोगी लाल पेशी मिळाल्या की हृदयाची धावपळ कमी होते आणि विळ्याच्या पेशींचा वाटाही घटतो.

पण नुसतं रक्त चढवत गेलं तर? हिमोग्लोबिन ७ वर असताना दोन-तीन बाटल्या चढवून १२ वर नेलं, तर अंगात विळ्याच्या पेशी तितक्याच राहिल्या आणि वर रक्त घट्ट झालं. घट्ट रक्त हळू वाहतं. म्हणून एस पेशींचं प्रमाण मोठं असेपर्यंत हिमोग्लोबिन साधारण १० च्या फार वर नेत नाहीत, आणि मोठ्या ऑपरेशनआधी रक्त नुसतं चढवत नाहीत, बदलतात. एका बाजूने पेशंटचं काढायचं, दुसऱ्या बाजूने दात्याचं द्यायचं.

हे किती करावं लागतं याचा अंदाज येण्यासाठी रंगाच्या पाण्याने भरलेली टाकी आठवा. खालून रंगीत पाणी सोडत वरून स्वच्छ पाणी तितकंच घालत राहिलं, तर टाकीभर पाणी ओतूनही रंग पूर्ण जात नाही, कारण मध्येच घातलेलं स्वच्छ पाणीही खालून वाहून जातं. एक टाकीभर बदललं की साधारण ३७ टक्के रंग उरतो. आपल्या मुलीच्या अंगात अंदाजे ३ लिटर रक्त. तिचं हिमोग्लोबिन एस ८० टक्के असेल, तर ३ लिटर बदलल्यावर ते सुमारे ३० टक्क्यांवर येईल, आणि ६ लिटर बदलल्यावर ११ च्या आसपास. पेशी वेगळ्या काढणारं यंत्र उपलब्ध असेल तर हे काही तासांत होतं, नाहीतर हाताने, टप्प्याटप्प्याने, दोन-तीन दिवसांत.

किती खाली आणायचं यावर डॉक्टरांत एकमत नाही. ३० टक्क्यांखाली आणावं हा बहुतेकांचा आकडा. हृदय थांबवायचं आणि शरीर फार गार करायचं असेल तर काही जण १० पर्यंत जातात. रक्त देण्याचा फायदा होतो का, याची पारख छोट्या आणि मध्यम ऑपरेशनांत झालेली आहे. २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ऑपरेशनआधी रक्त न दिलेल्या ३३ पेशंटपैकी ९ जणांना छातीची गंभीर गुंतागुंत झाली, रक्त दिलेल्या ३४ पैकी एकाला. फरक इतका होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. दुसरीकडे १९९५ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की एस ३० टक्क्यांखाली नेण्याचा अट्टहास न करता साधं रक्त देऊन हिमोग्लोबिन १० वर नेलं तरी निकाल तितकाच चांगला येतो आणि रक्ताचे दुष्परिणाम निम्मे होतात. दोन्ही अभ्यास पित्ताशय, टॉन्सिल, सांधे अशा ऑपरेशनांचे. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आपण त्यातून अंदाज बांधतो आणि सावध बाजूला राहतो.

रक्त बदलणं सुरू करण्याआधी रक्तपेढीशी जे बोलणं होतं ते मला ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं वाटतं. सिकलच्या पेशंटला आयुष्यात अनेकदा रक्त चढलेलं असतं, आणि प्रत्येक परक्या रक्तासोबत शरीर नवी प्रतिपिंडं तयार करू शकतं. नुसता 'बी पॉझिटिव्ह' जुळला म्हणून चालत नाही. आरएच गटातले इतर घटक, केल हा घटक, हेही जुळवावे लागतात. न जुळलेलं रक्त त्या दिवशी निमूट जातं आणि आठवड्याभराने फुटायला लागतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर सातव्या-आठव्या दिवशी हिमोग्लोबिन कोसळलं, लघवी गडद झाली, तर हे आठवायला हवं.

आणि इथे आईचा दुसरा प्रश्न येतो. "मॅडम, माझं रक्त घ्या ना. तिचा भाऊ पण तयार आहे."

या वाक्याला 'नाही' म्हणणं फार जड जातं. पण एसएस मुलीला एक जीन आईकडून आणि एक वडिलांकडून आलेलं असतं, म्हणजे आई-वडील दोघेही किमान वाहक असतातच. वाहकाच्या रक्तात ३० ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस असतं. जे काढून टाकायला आपण तीन दिवस खर्च करतोय तेच पुन्हा कसं घालायचं? भाऊही वाहक असण्याची शक्यता मोठी. तो नसला, त्याची तपासणी निर्दोष आली, तरी त्याचं रक्त देऊ नये असंच सांगते. कारण उद्या या मुलीला बोनमॅरो देण्याची वेळ आली तर तोच सगळ्यांत जवळचा दाता, आणि आज त्याचं रक्त दिलं तर तिचं शरीर त्याच्याविरुद्ध आधीच तयार होऊन बसेल. घरच्यांनी रक्तदान जरूर करावं, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. तिच्यासाठी मात्र अनोळखी माणसाचं, सिकलची तपासणी केलेलं रक्त. आमच्या भागात दात्यांमध्येही वाहक सहज निघतात, त्यामुळे 'सिकल निगेटिव्ह बाटल्या' हे शब्द मागणीपत्रावर स्पष्ट लिहावे लागतात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं एक छोटं पण कळीचं काम म्हणजे उपाशी ठेवण्याचं. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत. तुम्ही-आम्ही रात्रभर पाणी न प्यायलो तर शरीर पाणी राखून ठेवतं. यांचं शरीर ते सोडत राहतं. 'रात्री बारानंतर काही नाही' हा वॉर्डातला जुना नियम इथे सरळ धोक्याचा आहे. साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि त्या दिवशीच्या यादीत या पेशंटचा नंबर पहिला लागायला हवा. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलचा त्रास कमी करणारं औषध चालू असेल तर ते चालूच ठेवतात. झोपेची जड गोळी टाळतात, कारण श्वास मंदावला की ऑक्सिजन उतरतो. धीर द्यायला गोळीपेक्षा भूलतज्ज्ञाने आदल्या संध्याकाळी खाटेवर बसून दहा मिनिटं बोलणं जास्त कामाचं असतं.

भुलेचं औषध कोणतं, असं लोक विचारतात. सिकलसेलसाठी खास असं कुठलंही औषध नाही आणि सरसकट वर्ज्य असंही नाही. फेंटानिल, एटोमिडेट, सेव्होफ्लुरेन, जे हृदयाला मानवेल ते. औषधापेक्षा ते कसं देतो यावर सगळं आहे. रक्तदाब घसरू द्यायचा नाही, भूल चढताना आणि नळी घालताना ऑक्सिजन उतरू द्यायचा नाही, आखडलेल्या झडपेपायी ठोके वाढू द्यायचे नाहीत. ओटी (ऑपरेशन थिएटर) नेहमी गार असते, सर्जन दिव्याखाली उभे असतात म्हणून. या दिवशी पंप सुरू होईपर्यंत ती गरम ठेवायची, पेशंटखाली गरम गादी, सलाईनही कोमट. दंडाला रबर बांधून शीर शोधताना ते बांधलेलं विसरायचं नाही.

पंप सुरू होण्याच्या क्षणी परफ्युजनिस्टचं, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं, काम मोठं. यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात. नेहमी त्यात सलाईनसारखं द्रव असतं, इथे दात्याच्या लाल पेशी मिसळतात. आधी पुरेसं रक्त बदलायला वेळ मिळाला नसेल, तर पंपावर जातानाच पेशंटचं रक्त शिरेच्या नळीतून पिशवीत वळवून घेतात आणि यंत्रातलं दात्याचं रक्त आत सोडतात. काही मिनिटांत मोठा बदल होतो. लहान मुलांत तर यंत्रातलं द्रव मुलाच्या स्वतःच्या रक्ताच्या मानाने इतकं जास्त असतं की नुसत्या त्याच्यानेच एसचं प्रमाण बरंच खाली येतं. पंपाचा प्रवाह भरपूर ठेवायचा, परतणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनवर सतत डोळा ठेवायचा आणि आम्लता दर थोड्या वेळाने तपासायची.

आता गारठ्याचा प्रश्न, ज्याबद्दल सोपं उत्तर दिलं जातं आणि ते अर्धंच खरं असतं. 'सिकलला थंडी चालत नाही' हे रोजच्या जगण्यात बरोबरच आहे. पण प्रयोगशाळेत बघितलं तर गारव्यात हिमोग्लोबिन एस उलट जास्त विरघळलेलं राहतं, आणि गार रक्त ऑक्सिजनही घट्ट धरून ठेवतं. म्हणजे थंडी स्वतः धागे बनवत नाही. ती रक्तवाहिन्या आकसवते, रक्त दाट करते, वेग कमी करते, आणि मग शर्यत हरली जाते. म्हणूनच रक्त चांगलं बदललेलं असेल तर शरीर गार करूनही ऑपरेशनं पार पडलेली आहेत. जिथे गरज नाही तिथे मात्र कशाला? झडपेच्या ऑपरेशनसाठी शरीर ३४ ते ३६ अंशांवर ठेवून काम भागतं. हृदय थांबवताना आधी रक्तविरहित द्रवाने त्याच्या रक्तवाहिन्या धुऊन घेतात, म्हणजे आत विळ्याच्या पेशी अडकून राहत नाहीत, किंवा थंडऐवजी कोमट मिश्रण वापरतात. शेवटी पुन्हा उबदार करताना घाई नको.

पंप बंद करतानाचा अर्धा तास मला सगळ्यांत ताणाचा वाटतो. फुफ्फुसांतला दाब आधीच चढलेला. पंपानेही काही पेशी फोडलेल्या, त्यामुळे मोकळं हिमोग्लोबिन आणखी वाढलेलं. वर यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामिन द्यावं लागतं, आणि त्याने फुफ्फुसातला दाब अचानक चढू शकतो. म्हणून ते अगदी सावकाश. कार्बन डायऑक्साइड साठू द्यायचा नाही. गरज पडली तर श्वासातून नायट्रिक ऑक्साइड द्यायचा, म्हणजे जे खाल्लं गेलं तेच परत करायचं. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्र वापरावं का यावर मतभेद आहेत, कारण त्या प्रक्रियेत पेशी विळ्याच्या होऊ शकतात. माझं मत असं, की रक्त आधी नीट बदललं असेल तर त्या वेळी सांडणारं रक्त बहुतेक दात्याचंच असतं, मग आक्षेप बराच कमी होतो.

ऑपरेशन संपलं, आयसीयूत नेलं, बाहेर सगळ्यांनी हात जोडले. भूलतज्ज्ञाची काळजी इथे संपत नाही, कारण सिकलसेलमधला सगळ्यांत घातक धोका बहुधा पहिल्या तीन दिवसांत येतो. त्याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. छातीचं हाड मधोमध कापलेलं असतं, दुखतं, म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो. फुफ्फुसाचे खालचे भाग मिटतात, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, पेशी विळ्याच्या होतात, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, ऑक्सिजन आणखी उतरतो. ताप, खोकला, एक्सरेवर नवा डाग. वरून न्यूमोनियासारखंच दिसतं आणि कधी कधी न्यूमोनियाही सोबत असतो. तेव्हा ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि गरज पडली तर पुन्हा रक्त बदलणं, हे सगळं लगेच.

ते होऊ नये म्हणून दुखणं दाबणं हा उपचारच आहे. आणि इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सिकलसेलच्या पेशंटने लहानपणापासून इतक्या वेळा वेदनाशामक घेतलेलं असतं, की इतरांना पुरणारा मॉर्फिनचा डोस यांना पुरत नाही. ती जास्त मागते म्हणून तिला सवय लागली आहे, नाटक करते, असं वॉर्डात म्हणताना मी ऐकलं आहे. हे ऐकून पेशंट गप्प बसते, गप्प बसली की खोल श्वास घेत नाही, आणि तिथून पुढचं सगळं सुरू होतं. पॅरासिटामॉल वेळेवर, मॉर्फिन किंवा फेंटानिल पुरेसं, छातीच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन जमेल तिथे. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडं बघूनच. हुडहुडी भरू द्यायची नाही, कारण थरथरणारं शरीर कैक पट ऑक्सिजन खातं.

एसएसबद्दल एवढं झालं. मग ज्यांचा 'एएस पॅटर्न' आहे, म्हणजे जे नुसते वाहक आहेत, त्यांचं काय? त्यांच्या पेशी विळ्याच्या व्हायला ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली जावा लागतो, जो एरवी शरीरात, हृदयाच्या शिरेसारख्या जागा सोडल्या तर, फारसा कुठे जात नाही. वाहकांची हृदयाची ऑपरेशनं नेहमी होतात, बहुतेकांना रक्त बदलण्याची गरज पडत नाही. पण शरीर खूप गार करून रक्ताभिसरण काही वेळ पूर्ण थांबवायचं असेल, जसं महाधमनीच्या कमानीच्या किंवा बाळांच्या काही ऑपरेशनांत, तर भूलतज्ज्ञाला आधी माहीत असायलाच हवं. अडचण अशी की वाहकाला स्वतःला काहीच होत नाही, त्यामुळे त्यालाच ठाऊक नसतं. बायपाससाठी आलेल्या पन्नाशीतल्या माणसाला कोण सिकलचं विचारतं?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. त्या वयापुढचे लोक त्यात नाहीत, आणि हृदयाची बायपास ऑपरेशनं तर त्यांचीच जास्त होतात. म्हणून विदर्भ, नंदुरबार किंवा सिकलसेल असलेल्या कुठल्याही भागातून, कुठल्याही समाजातून आलेल्या माणसाची हृदयाच्या ऑपरेशनआधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन एस आहे की नाही एवढंच सांगणारी तपासणी, व्हावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त तपासणी आहे, निकाल लगेच मिळतो. ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांनी एएस की एसएस ते ठरतं. गडचिरोलीचा मुलगा पुण्याला नोकरी करतो आणि तिथेच ॲडमिट होतो, तिथल्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही. तेव्हा घरच्यांनी सांगावं.

सांगताना हे सांगावं: पॅटर्न कोणता, आजवर किती वेळा रक्त चढलं, चढल्यावर कधी ताप-कावीळ झाली का, छातीचा गंभीर आजार किंवा मेंदूचा झटका येऊन गेला का, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, न्यूमोनियाची लस घेतली का. सिकलचं कार्ड आणि जुनी डिस्चार्ज कार्डं सोबत असावीत, भिजलेली फाटलेली असली तरी. तारीख ठरायच्या आधी, पहिल्या भेटीतच.

आपल्या मुलीची झडप बदलून तीन दिवस झालेत. छातीवर उशी दाबून धरून ती तीन गोळे असलेल्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढते आहे. पहिला गोळा वर जातो, दुसरा अर्ध्यात लटकतो. आई शेजारी बसून मोजते आहे, तासाला दहा वेळा करायचं सांगितलंय म्हणून. ऑक्सिजन ९७. उद्या बेड बदलायचा आहे, आणि रक्तपेढीकडून तिच्या रक्ताच्या जुळणीचा कागद अजून यायचा आहे. तो आल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड लिहू नका, असं मी नर्सताईंना सांगून ठेवलं आहे.